घरांतील यंत्रें : मोटारीचें कण्हणें

गेल्या अंकांत आम्हीं पाण्याच्या घरगुती पंपाविषयीं लिहिलें, त्यावर वाचकांचीं बरींच पत्रें आलीं. त्यांपैकीं तीन पत्रांतील पृच्छा जवळजवळ एकच होती. मोटार सुरू केली कीं इंजिनांतून कण्हल्यासारखा बारीक सूर निघतो. वेग वाढविला कीं तो चढतो. मिस्त्री एक सांगतो, शेजारी दुसरें सांगतात. तरी काय करावें? योगायोग असा कीं, हीं पत्रें हातीं पडलीं त्या सुमारास आमच्या दारांत उभी असलेली गाडीही तोच सूर धरून बसली होती. म्हणून या वेळीं केवळ उपदेश न करतां अनुभवही वाचकांपुढें ठेवतों. तो सांगतांना आमच्या घरांतील कांहीं गोष्टी चव्हाट्यावर येतील. परंतु त्यांतील मुख्य चूक आमचीच असल्यामुळें त्या सांगण्यास संकोच वाटत नाहीं.

आमच्या घरीं तीन बंधूंचीं कुटुंबें एकत्र नांदतात आणि गाडीही एकच, सामायिक. ती अकरा वर्षांची, डिझेलवर चालणारी आणि सात माणसें बसतील एवढी. सामायिक वस्तूचा उपभोग सर्व घेतात, पण तिची विचारपूस करण्याचें काम प्रत्येकास दुसऱ्याचें वाटतें, हा अनुभव वाचकांसही असेल. आषाढांत थोरल्या वहिनी आम्हांस प्रथम म्हणाल्या, "भावजी, गाडी हल्लीं कण्हते आहे हो." आम्हीं वर्तमानपत्रांतून डोकेंही वर न काढतां "पावसाळी हवा आहे, दुसरें काय!" असें उत्तर देऊन मोकळे झालों. श्रावणांत तो सूर सर्वांच्याच कानीं येऊं लागला आणि मग कारण शोधण्याऐवजीं अपराधी शोधण्यास आरंभ झाला. थोरल्या बंधूंचा मुलगा महाविद्यालयांत शिकतो. त्यानें आदल्याच पंधरवड्यांत मित्रांसह गाडी लोणावळ्यास नेली होती. तेवढें पुरें झालें. "घाटांत गिअर घांसले असशील", "भरधाव हांकली असशील" असे आहेर त्यास सर्वांकडून मिळाले. त्यानें एकदां "मीं कांहीं केलें नाहीं" असें सांगून पाहिलें. नंतर तो पंगतींत खालीं मान घालून जेवूं लागला.

पुढें आमच्या मधल्या बंधूंनीं गाडी एका कार्यशाळेंत नेली. तेथील माणसानें बॉनेट उघडून दोन मिनिटें ऐकलें आणि गिअरबॉक्स उघडावा लागेल, असें सांगून साठ हजारांच्या वरचा आंकडा कागदावर लिहून दिला. हा कागद घरीं येतांच मुलावरील आरोप सिद्ध झाला, असें सर्वांनीं मानलें.

खर्चाहूनही मोठी अडचण निराळीच होती. आमचे चुलते अण्णा यंदा शहाऐंशीव्या वर्षांत आहेत. मूळ घर गुहागराजवळच्या एका वाडींत. तेथें गणपति बसतो. गेल्या वर्षीं आजारपणामुळें अण्णांस जातां आलें नाहीं. यंदा त्यांनीं एवढेंच म्हटलें होतें, "यंदा घरचा गणपति पाहीन म्हणतों, पुढच्याचें कोणीं सांगावें?" पुण्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गांठावें लागतें. भाद्रपदांतील धुकें, पाऊस आणि तीं वळणें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस आजारी गाडींतून वृद्ध माणसास तेथून नेणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. चतुर्थीस आठ दिवस उरले होते. रविवारीं सकाळीं पाऊस उघडला तेव्हां आम्हीं ठरविलें कीं, आतां तर्क पुरे. गाडीची परीक्षा घ्यावयाची. अण्णा ओटीवर खुर्ची टाकून बसले.

प्रथम वाचकांनीं एक भेद ध्यानांत घ्यावा. गाडीचे आवाज अनेक जातींचे असतात. टकटक आणि खडखड यांना ठोके असतात. तेथें कांहींतरी आपटत असतें. फुसफुस होते तेथें बहुधा हवा गळत असते. किंचाळी येते आणि जाते. ती सामान्यतः घसरणाऱ्या पट्ट्याची असते. कण्हणें मात्र अखंड असतें. त्यास ठोके नसतात, सूर असतो. आणि सूर ज्याअर्थीं वेगाबरोबर चढतो, त्याअर्थीं गोल फिरणारा एखादा भाग त्याच्या मुळाशीं असावा, असें समजून शोधास लागावें. तो भाग कशाच्या वेगानें फिरतो हें कळलें म्हणजे अर्धें निदान झालें.

म्हणून पहिला प्रश्न असा कीं, सूर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढतो कीं चाकांच्या फेऱ्यांबरोबर? हें पाहण्यास गाडी सपाट व मोकळ्या जागीं उभी करावी, हातब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा आणि पेडल हळूहळू दाबावें. उभ्या गाडींतही सूर ऐकूं येऊन फेऱ्यांबरोबर चढत असेल, तर टायर, चाकांचीं बेअरिंगें आणि डिफरन्शिअल हीं सर्व त्या सुरापुरतीं निर्दोष ठरतात, कारण तीं फिरतच नाहींत. उलट उभ्या गाडींत शांतता, आणि रस्त्यावर ताशीं चाळीस-पन्नास किलोमीटर वेग येतांच सूर उमटत असेल, तर शोध इंजिनाखेरीज अन्यत्र करावा. असा सूर डाव्या-उजव्या वळणावर कमीजास्त होत असेल तर चाकाच्या बेअरिंगाचा संशय घ्यावा. पेडल दाबतांना एक आणि सोडतांना दुसरा असा होत असेल तर डिफरन्शिअलच्या दांत्यांचा.

येथें संगीताची थोडी ओळख असलेल्या माणसाचा उपयोग होतो. फेरे दुप्पट झाले कीं त्यांस बांधलेला सूर एक सप्तक चढतो. दीडपट झाले कीं पंचमावर जातो. कांटा मिनिटास १,००० फेऱ्यांवर असतांना निघणारा सूर षड्ज मानला, तर १,५०० वर पंचम आणि २,००० वर तार षड्ज लागला पाहिजे. बेअरिंगाच्या सुरांत घरघर मिसळलेली असल्यामुळें तो तंबोऱ्याइतका शुद्ध नसतो. तथापि चढउतार ओळखूं येतो. अण्णांची दृष्टि आतां मंद झाली आहे, पण तारुण्यांत त्यांनीं कीर्तनांत पेटीची साथ केलेली. कान शाबूत आहे. त्यांस कांटा दिसत नव्हता. थोरले बंधु पेडल दाबीत होते आणि अण्णा ओटीवरून "हा सा... हा आतां पंचमापाशीं आला" असें सांगत होते. कांटा पाहावा तों दीड हजारावर! सूर इंजिनालाच बांधलेला आहे, एवढें निश्चित झालें.

दुसरी परीक्षा क्लचची. क्लच वर असतां, न्यूट्रलमध्यें देखील, गिअरबॉक्समधील पहिला दंड फिरत असतो. क्लच पूर्ण दाबला कीं इंजिनाचा व त्या दंडाचा संबंध तुटतो. म्हणून क्लच दाबतांच सूर थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या त्या दंडाच्या बेअरिंगाकडे बोट दाखवावें. उलट क्लच दाबल्यावरच सूर उमटत असेल, तर दोष क्लच सोडविणाऱ्या बेअरिंगाचा, म्हणजे ज्यास मिस्त्री रिलीज बेअरिंग म्हणतात त्याचा. आमच्या गाडीचा क्लच दाबला, सोडला, पुन्हां दाबला. सुरांत केसभरही फरक नाहीं. साठ हजारांचा कागद तेथेंच निरर्थक ठरला. आणि गिअरबॉक्स निर्दोष ठरला तेव्हां गिअर घांसल्याचा आरोपही आपोआप गळून पडला. थोरले बंधु गाडींतच बसून होते. त्यांनीं कांच खालीं करून मुलास जवळ बोलावलें आणि "ये, आतां तूं बॉनेटपाशीं उभा राहून ऐक" एवढेंच म्हटलें. तो आला.

आतां इंजिनाच्या तोंडाकडील भाग पाहूं. तेथें एक लांब रबरी पट्टा अनेक कप्प्यांवरून नागमोडी फिरतांना दिसतो. क्रँकची कप्पी त्यास फिरविते आणि तो इतरांस फिरवितो. त्यावर वीज निर्माण करणारा अल्टर्नेटर असतो, ज्यास जुने लोक अजून डायनामोच म्हणतात. गारव्याच्या यंत्राचा, म्हणजे एसीचा कॉम्प्रेसर असतो. कित्येक गाड्यांत पाण्याचा पंप असतो. आणि तेलाच्या दाबानें चालणारें स्टिअरिंग असल्यास त्याचाही पंप असतो. हल्लींच्या बहुतेक लहान गाड्यांत स्टिअरिंगला विजेची मोटार साहाय्य करते. तेथें तेलाची डबी नसते, तेव्हां त्या पंपाचा संशय घेण्याचेंही कारण नाहीं.

या मंडळींपैकीं कोण कण्हतो हें ओळखण्याची रीत सोपी आहे. एकेकावर भार टाकून पाहावा. एसी लावावा व बंद करावा. लावतांच सूर वाढला तर कॉम्प्रेसर. मोठे दिवे, पंखा, पाठीमागील कांच तापविण्याची तार हीं एकदम लावावीं; सूर वाढला तर अल्टर्नेटर. स्टिअरिंग एका टोंकास नेऊन क्षणभर धरावें. सूर मोठा झाला तर त्याचा पंप. मात्र टोंकाशीं पांच सेकंदांहून अधिक धरूं नये, कारण त्या स्थितींत पंपावर परमावधीचा दाब येतो. पंप कण्हत असेल तर तेलाची डबी उघडून पाहावी. तेल खुणेच्या खालीं असेल किंवा त्यांत फेंस दिसत असेल, तर हवा आंत जात आहे असें समजावें. तेल घालावयाचें तें गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचेंच घालावें आणि तें कोठून गळलें हेंही शोधावें.

अल्टर्नेटरविषयीं एक विशेष सांगण्यासारखें आहे. त्याचें कण्हणें दोन प्रकारचें असतें. एक बेअरिंगाचें आणि एक विजेचें. सामान्य अल्टर्नेटरच्या फिरत्या भागास बारा ध्रुव असतात व त्याची वीज तीन फेजांची असते. ती एकदिश करतांना एका फेऱ्यांत छत्तीस लहरी उठतात. इंजिन मिनिटास ८०० फेरे घेत असतां अल्टर्नेटर अडीचपट, म्हणजे २,००० फेरे घेतो असें धरलें, तर सेकंदास सुमारें ३३ फेरे आणि १,२०० लहरी होतात. कानास हा चांगलाच उंच सूर आहे. विजेचा एखादा डायोड बिघडला कीं हा सूर वाढतो, आणि कित्येकदां रेडिओच्या कर्ण्यांतूनही ऐकूं येतो. तो फक्त कर्ण्यांतूनच येत असेल, तर इंजिन उघडण्यापूर्वीं विजेच्या जोडण्या तपासाव्या.

असो. आमच्या गाडीवर या तिन्ही परीक्षा केल्या आणि तेथें आमची फजिती झाली. एसी लावला, सूर थोडा वाढला. मधले बंधु म्हणाले, "कॉम्प्रेसर!" दिवे लावले, सूर थोडा वाढला. पुतण्या म्हणाला, "काका, अल्टर्नेटर!" स्टिअरिंग वळविलें, सूर पुन्हां वाढला. आम्हीं तेलाची डबी पाहिली. तेल खुणेच्या किंचित् खालीं होतें. झालें; आम्हीं विजयी मुद्रेनें "पंप!" असें जाहीर केलें, तेल आणवून खुणेपर्यंत भरलें आणि सर्वांस शांत राहण्याची खूण केली. सूर जसाच्या तसा! आमची मुद्रा कशी झाली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

थोरल्या वहिनी इतका वेळ दारांत उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, तीन खोल्यांतले दिवे एकदम मंद झाले तर आपण तिन्ही दिवे बदलतों, कीं मीटरापाशीं जातों? तिघांनाही जें सामायिक असेल तें पाहा ना." आम्ही वीस वर्षें यंत्रांविषयीं लिहीत आहों, परंतु हा विचार त्या क्षणीं आमच्या मनांत आला नव्हता, हें कबूल केलें पाहिजे. तिन्ही यंत्रें एकाच वेळीं बिघडण्यापेक्षां तिघांच्या मधलें एकच कांहीं बिघडलेलें असणें अधिक संभवनीय. त्या तिघांस सामायिक म्हणजे पट्टा आणि त्या पट्ट्यास वळविणाऱ्या व ताण देणाऱ्या लहान कप्प्या.

आतां राहिलें नेमकें स्थान शोधणें. वैद्यकांत हेंच काम स्टेथॉस्कोप करतो. पॅरिस येथील नेकेर रुग्णालयांतील डॉक्टर रने लेनेक यांनीं १८१६ सालीं एका रुग्ण स्त्रीच्या छातीचे ठोके ऐकण्यास कागदाची सुरळी केली आणि आवाज अधिक स्पष्ट ऐकूं येतो हें पाहिलें; पुढें त्यांनीं लांकडी नळी वापरली आणि १८१९ सालीं त्या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. नळीचें तत्त्व इंजिनासही लागूं पडतें. हातभर लांब रबरी नळीचें एक टोंक कानाशीं धरावें व दुसरें टोंक संशयित भागाजवळ न्यावें. न फिरणाऱ्या भागावर, उदाहरणार्थ अल्टर्नेटरच्या कवचावर, लांब पेंचकसाचें पातें टेकवून त्याच्या मुठीस कान लावला तरी आंतील बेअरिंगाची घरघर स्पष्ट कळते. फिरणाऱ्या भागास मात्र कशाचाही स्पर्श होतां कामा नये. पुतण्यानें बागेंतील नळीचा तुकडा आणला. कॉम्प्रेसरपाशीं साधारण आवाज, अल्टर्नेटरपाशीं साधारण आवाज, पंपापाशीं तसाच. नळी खालच्या बाजूच्या एका लहानशा कप्पीपाशीं जातांच त्यानें दचकून कान बाजूस घेतला. "काका, ही!"

पुढील काम आम्हीं केलें नाहीं व वाचकांनींही अनुभवावांचून करूं नये. आमच्या पेठेंत एक वृद्ध मिस्त्री आहेत, त्यांस बोलाविलें. त्यांनीं पट्टा काढून इंजिन अवघीं कांहीं सेकंद चालविलें. कण्हणें पार नाहींसें झालें! म्हणजे इंजिनाचा स्वतःचा दोष नाहीं. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर पट्ट्यावांचून इंजिन यापेक्षां अधिक वेळ चालवूं नये, तें तापतें. मग इंजिन बंद करून त्यांनीं एकेक कप्पी बोटानें फिरवून पाहिली. निरोगी बेअरिंग हातास मऊ लागतें आणि आंतील ग्रीजच्या अटकावानें लवकर थांबतें. ती लहान कप्पी मात्र भोंवऱ्यासारखी गरगरत राहिली, खरखरत होती, आणि धरून हलविली तर डुलत होती. आंतील ग्रीज वाळून गेलें होतें. "बेअरिंग वाजतंय साहेब, दुसरं काय नाय," असें म्हणून त्यांनीं दुसऱ्या दिवशीं नवी कप्पी आणि नवा पट्टा बसवून दिला. खर्च त्या साठ हजारांच्या विसाव्या हिश्शाइतकाही आला नाहीं.

या कप्पीस इंग्रजींत आयडलर, म्हणजे रिकामी कप्पी, असें म्हणतात. ती स्वतः वीज करीत नाहीं, गारवा करीत नाहीं, तेल ढकलीत नाहीं. केवळ पट्ट्यास वळण देते व जवळच्या ताणकप्पीबरोबर त्यास सैल पडूं देत नाहीं. परंतु कोणत्याही यंत्रावर भार पडला कीं पट्ट्याचा ताण वाढतो आणि तो या कप्पीच्या बेअरिंगानें सोसावा लागतो. म्हणूनच तिन्ही परीक्षांत सूर वाढला होता. शिवाय ती आकारानें लहान. क्रँकच्या कप्पीच्या निम्म्या व्यासाची असली, तर इंजिनाच्या एका फेऱ्यास तिचे दोन फेरे होतात. इंजिन उभ्या गाडींत ८०० फेऱ्यांनीं चालत असतांही तासास ९६,००० फेरे! ती अडकून बसली असती तर पट्टा जळून तुटला असता किंवा निसटला असता. मग वीज बंद, स्टिअरिंग एकाएकीं जड, पाण्याचा पंप त्यावर असल्यास इंजिन तापणार. आणि कांहीं डिझेल गाड्यांत ब्रेकास साहाय्य करणारा निर्वात-पंपही अल्टर्नेटरच्या पाठीशींच असतो. हें सर्व कुंभार्लीच्या वळणावर, धुक्यांत, अण्णा आंत बसलेले असतां घडलें असतें, या विचारानें आमच्या अंगावर आजही कांटा येतो.

पत्रलेखकांच्या सोयीसाठीं आणखी कांहीं गोष्टी नमूद करतों. प्रत्येक कण्हणें म्हणजे दुखणें नव्हे. गाडी मागें घेतांना येणारा सूर पुष्कळ गाड्यांत स्वाभाविक असतो, कारण पुढच्या गिअरांचे दांते तिरकस कापलेले असतात आणि मागच्या गिअरचे बहुधा सरळ. सरळ दांते अधिक वाजतात. टर्बो असलेल्या इंजिनांतून जोर देतांना बारीक शीळ येते, तीही स्वाभाविक. टर्बोचें चाक मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतें. मात्र ही शीळ एकाएकीं मोठी झाली, जोर कमी पडूं लागला किंवा धूर वाढला, तर तत्काळ दाखवावें. पेट्रोल गाडींत मागील आसनाखालून सूर येत असेल तर टाकींतील पंप पाहावा. तो आंतील पेट्रोलानेंच थंड राहतो, म्हणून टाकी नेहमीं अगदीं तळाशीं नेणें बरें नव्हे. पट्टा नुकताच बदलला आणि सूर सुरू झाला, तर तो फाजील आंवळला गेला आहे का हें विचारावें. किंचाळी पट्ट्याची कीं बेअरिंगाची असा संशय असेल, तर दुरून पट्ट्यावर थोडेंसें पाणी शिंपडावें. आवाज बदलला तर पट्टा, न बदलला तर बेअरिंग. आणि विजेवर चालणाऱ्या गाडींतून मंद वेगांत येणारा गुंजारव ऐकून घाबरूं नये. पायीं चालणारांस चाहूल लागावी म्हणून तो मुद्दाम केलेला असतो. युरोपीय संघानें १ जुलै २०१९ पासून नव्या बनावटीच्या आणि १ जुलै २०२१ पासून सर्वच नव्या विद्युत् गाड्यांस तो सक्तीचा केला आहे.

एक सूर मात्र कधींही उपेक्षूं नये. ज्या इंजिनांत झडपा चालविणारा दांतेरी पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, झांकणाच्या आंत असतो, तेथें त्या झांकणांतून कण्हणें येत असेल तर गाडी चालवूंच नये. आंतील कप्पी किंवा पाण्याचा पंप अडकून तो पट्टा तुटला, तर पुष्कळ इंजिनांत झडपा व दट्टे एकमेकांवर आदळतात आणि सबंध इंजिन खोलावें लागतें.

परीक्षा करतांना पथ्यें पाळावीं. बंद जागेंत इंजिन चालवूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वासावांचून जीव घेतो. पदर, ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस आणि लहान मुलें यांस बॉनेटपासून दूर ठेवावें. इंजिन बंद असतांही रेडिएटरपुढील विजेचा पंखा आपोआप सुरू होऊं शकतो, हें विसरूं नये. आणि मिस्त्र्याकडे जातांना आवाज केव्हां येतो, थंड इंजिनांत कीं तापलेल्या, कशानें वाढतो व कशानें थांबतो, हें कागदावर लिहून न्यावें. मोबाईलवर तो आवाज टिपून नेला तर आणखी चांगलें. दाखवितांना कित्येकदां गाडी शहाण्या मुलासारखी गप्प बसते, तेव्हां हें टिपण कामीं येतें.

चतुर्थीच्या आदल्या दिवशीं आम्ही सर्व निघालों. कोयनानगराच्या पुढें धुकें लागलें. गाडी पुतण्यानेंच हांकली. थोरल्या बंधूंनीं चाव्या आपण होऊन त्याच्या हातीं दिल्या होत्या. घाट उतरतांना अण्णांनीं मध्येंच "आतां बोलूं नका" म्हणून सर्वांस गप्प केलें आणि बराच वेळ कान देऊन "ठीक आहे" असें म्हटलें. संध्याकाळीं ते वाडीच्या ओटीवर बसले होते.

आमच्याकडून एक क्षमायाचना मात्र राहिली होती, ती त्या रात्रीं केली. आषाढांत पहिल्या दिवशींच ज्यांस कण्हणें ऐकूं आलें त्यांस आम्हीं "पावसाळी हवा" असें उत्तर दिलें होतें. वहिनी हंसल्या आणि म्हणाल्या, "असूं द्या हो, माझे गुडघे दुखतात तेव्हांही तुम्हीं सगळे हेंच म्हणतां." तें ऐकून पंगतींत कोणीं हंसलें नाहीं. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यांत त्यांस डॉक्टरांकडे नेलें आहे. आणि स्वयंपाकघरांतील पहांटेचें काम आतां वाटून घेतलें आहे. प्रत्येकावरील भार वाढला कीं ज्याच्यावर ताण येतो, पण ज्यास आपण रिकामें समजतों, असें एक चाक बहुतेक घरांत असतें. वाचकांनीं गाडीची परीक्षा करावयास घेतली, तर जातां जातां घरांतही एकदां कान देऊन पाहावें, एवढीच विनंति.